हॉस्पिटल चॅपलेनचं रीतसर प्रशिक्षण कुठे आणि कसं घ्यावं? (नंदुरबार-धुळे-जळगावकडच्यांनी जरूर लिहा)

सातपुडा_पायथा | सोमवार, रात्री १०:४२

सर्वांना सलाम.

मी नवापूर तालुक्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत साहाय्यक पाळक आहे. वय ३१. बी.टीएच. (धर्मशास्त्राची पदवी) पुण्यात केलं आणि गावी परत आलो. दोन वर्षांपासून आठवड्यातले तीन दिवस एका मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डात चॅपलेन म्हणून, म्हणजे रुग्णांना आणि नातेवाइकांना आध्यात्मिक धीर द्यायला, जातो. पगार नाही, पेट्रोल तेवढं मिळतं.

मागच्या महिन्यात सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) एक पोरगा भरती होता, नऊ वर्षांचा. हाडं इतकी दुखत होती की चादर अंगाला लागली तरी ओरडायचा. आई पायथ्याशी बसलेली. मी गेलो, बायबलमधलं वचन वाचलं, दोन मिनिटं प्रार्थना केली आणि 'प्रभू सगळं ठीक करील' म्हणून निघालो. ती शांतपणे म्हणाली, "ह्याच्या मोठ्या भावाच्या वेळी पण तुम्ही हेच म्हटलं होतं."

मोठा भाऊ दीड वर्षापूर्वी त्याच वॉर्डात वारला होता. मला तो आठवतच नव्हता.

त्या दिवसापासून वॉर्डाच्या दारात पाय अडखळतो. तिथले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मनाने चांगले आहात, पण हे काम तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही. सीपीई करा." सीपीई हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तर प्रश्न असे. हे नेमकं काय असतं? भारतात कुठे होतं? ते केलं की माणूस 'सर्टिफाइड' होतो म्हणजे काय होतो? आणि व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरते आहे, १५ हजारांत घरबसल्या 'डॉक्टरेट इन चॅपलेन्सी'. ती खरी का?

---

भुसावळ_जंक्शन | सोमवार, रात्री ११:०५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मीपण एक असला कागद घेतला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, आता त्यांचा फोनही लागत नाही. टोपी-झगा घालून हॉटेलच्या हॉलमध्ये फोटो काढला, गळ्यात हार, नावापुढे 'रेव्ह. डॉ.'. महिनाभर छाती फुगवून फिरलो. मग नातवाने विचारलं, "आजोबा, थिसिस कशावर लिहिला?" त्या दिवशी कागद पेटीत गेला, तो अजून पेटीतच आहे.

पैसे भरले की मिळतं आणि कोणी तुम्हाला काम करताना पाहत नाही, असं काही दिसलं तर हात जोडा आणि पुढच्या गाडीची वाट बघा.

---

केळीचं_पान | सोमवार, रात्री ११:१९

वाचतेय. माहिती नाही, पण त्या आईचं वाक्य वाचून थांबले. बुकमार्क.

---

पांझराकाठची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:१०

नाइट संपवून लिहितेय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. मी नर्स आहे. धुळ्याची, पण नोकरीची अकरा वर्षं दक्षिणेत काढली. आमच्या वॉर्डात सीपीईचे विद्यार्थी यायचे, म्हणून जवळून पाहिलंय.

सीपीई म्हणजे क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन. १९२५ साली अमेरिकेत अँटन बॉयसन नावाच्या पाळकाने सुरू केलं, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात. हा माणूस स्वतः काही वर्षं आधी मनोरुग्ण म्हणून भरती झालेला होता. त्याचं म्हणणं असं की धर्मशास्त्र जसं पुस्तकातून शिकता तसं जित्या माणसातूनही शिका. दुःखात सापडलेला माणूस हाच एक ग्रंथ आहे, तो नीट वाचा.

त्यामुळे यात लेक्चरं कमी. तुम्हाला वॉर्ड देतात. तुम्ही रुग्णाला भेटता, आणि परत येऊन ते संभाषण आठवेल तसं शब्दशः लिहून काढता. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. एका बाजूला आकडे: र१ म्हणजे रुग्ण पहिल्यांदा काय बोलला, च१ म्हणजे चॅपलेन काय बोलला, र२, च२, असं. रुग्णाचं नाव बदलायचं. गप्प बसलात तर 'शांतता' असंसुद्धा लिहायचं. मग तो कागद पाच-सहा जणांच्या गटात आणि सुपरवायझरसमोर वाचायचा. खरी चिरफाड तिथे होते. "च३ ला तुम्ही विषय का बदलला? तिने मरणाचा शब्द काढला म्हणून तुम्ही घाबरलात का?" असले प्रश्न. मी मोठमोठ्या पाळकांना त्या खोलीतून डोळे पुसत बाहेर येताना पाहिलंय.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, म्हणजे सीएमसीत, चॅपलेन्सी विभाग आहे, तिथे होतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलात होतं. ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे सीएमएआय, ही १९०५ सालापासूनची संस्था. तिच्यात डॉक्टर, नर्स यांच्यासारखाच चॅपलेन लोकांचाही वेगळा विभाग आहे. त्यांना पत्र टाका. मुदत, फी आणि प्रवेशाची तारीख थेट ऑफिसला विचारा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

एक सांगू का? त्या आईच्या मनात काय असेल त्याचा थोडा अंदाज मला आहे. सिकलसेलचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी होतं. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. हे डॉक्टर सांगतात, कागदावर चौकटी काढून. पण घरी गेल्यावर सासू काय म्हणते, नवरा काय म्हणतो, आणि ती रात्री स्वतःला काय म्हणते, ते ऐकायला कोणी नसतं. तुमचं काम तिथे आहे. चौकटी समजावणं हे तुमचं काम नाही.

---

जुना_पाळक_शिरपूर | मंगळवार, दुपारी १:३०

सर्वांस प्रभूच्या नावाने सलाम. ४१ वर्षं सेवा केली म्हणून दोन शब्द लिहितो, राग मानू नये.

आमच्या काळी सातपुड्याच्या पाड्यांवर पायी गेलो. पाऊस, नदीला पूर, कोणाच्या घरी मयत. आम्हाला कोणी सर्टिफिकेट विचारलं नाही. प्रभू येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे कुठली पदवी होती? पाचारण प्रभूचं असतं, ते कोर्सांत मोजता येत नाही. आता जो तो कागदाच्या मागे. उद्या प्रार्थनेलाही लायसन लागेल.

बेटा, त्या बाईजवळ पुन्हा जा, माफी माग. त्याला बंगळुरू कशाला पाहिजे?

---

पांझराकाठची_सिस्टर | मंगळवार, दुपारी २:१५

पाळकसाहेब, माफी मागायला बंगळुरू नको, हे अगदी खरं. पण माफी मागितल्यावर ती जे बोलेल ते ऐकून घ्यायला कदाचित लागेल.

आणि पेत्राचं म्हणाल तर तीन वर्षं तो गुरूच्या मागे फिरला, चुकला, दटावला गेला. ते सुपरवायझरखालचं प्रशिक्षणच होतं की.

---

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, दुपारी २:२०

सिस्टर 👏 मधल्या स्टेशनावर न थांबता थेट मनमाड!

---

तर्कट_जळगावकर | मंगळवार, सायंकाळी ६:४८

मी ख्रिस्ती नाही, देवळातही फारसा जात नाही. एक प्रश्न सरळ विचारतो. आजारी माणूस हतबल असतो. त्याच्या खाटेपाशी धर्माचा माणूस जाऊन बसतो, त्याला प्रशिक्षण देऊन आणखी तरबेज करायचं, याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्या आईच्या वेळी एक जण असाच आला होता. आई अर्धवट शुद्धीत, आणि हा डोक्यावर हात ठेवून मोठ्याने सुरू. कोणाला विचारलं नाही, काही नाही. मी त्याला बाहेर काढला. आजही वाईट वाटत नाही.

---

सातपुडा_पायथा | मंगळवार, रात्री ९:३०

दादा, तुम्ही बरोबरच केलं. मी तसा कधी वागलो नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. डोक्यावर हात ठेवायच्या आधी विचारलंय का, आठवायला लागेल.

---

अमळनेर_ते_ओहायो | मंगळवार, रात्री ११:५५

तर्कट भाऊ, तुमच्या प्रश्नासाठीच लॉगिन झालो. मी इथे एका मोठ्या हॉस्पिटलात बोर्ड सर्टिफाइड चॅपलेन आहे. मूळ अमळनेरचा.

तुम्ही ज्याला बाहेर काढलं तो माझ्याकडे विद्यार्थी असता तर पुढे गेला नसता. इथल्या चॅपलेन संघटनांनी मिळून २००४ मध्ये एक समाईक आचारसंहिता स्वीकारली. रुग्णाचं धार्मिक स्वातंत्र्य जपायचं, आपली मतं किंवा उपासना त्याच्यावर लादायची नाही, हे त्यात आहे. मोडली तर तक्रार होते आणि प्रमाणपत्र जाऊ शकतं. म्हणून प्रशिक्षण हवं. माझ्या फेरीत मुसलमान असतात, ज्यू असतात, काहीच न मानणारे असतात. गेल्या आठवड्यात एका गुजराती आजींसाठी मी नर्सिंग स्टेशनच्या कपाटातून छोटा दिवा काढून दिला, बॅटरीवरचा, कारण ऑक्सिजन चालू होता. प्रार्थना माझी नव्हती. मी दिव्याचा सेल बदलला, एवढंच.

आता मूळ धाग्याकडे. इथली पद्धत सांगतो म्हणजे 'सर्टिफाइड' शब्दाचं वजन कळेल. सीपीईचं एक युनिट म्हणजे साधारण ४०० तास. त्यातला चौथा हिस्सा गटात आणि सुपरवायझरसोबत, बाकी रुग्णांजवळ. असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅपलेन्सच्या बोर्ड सर्टिफिकेशनला अशी चार युनिटं लागतात, म्हणजे १६०० तास. शिवाय ७२ क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, आपल्या मंडळीचं समर्थनपत्र, त्यानंतर २००० तास प्रत्यक्ष चॅपलेन म्हणून काम. मग निबंध, आणि समितीसमोर मुलाखत. तीसुद्धा तुमच्याच व्हर्बेटिमवर! एवढं झालं तरी सुटका नाही. दर वर्षी ५० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.

माझी पहिली मुलाखत नापास झाली. समितीने विचारलं, "या संभाषणात तुम्हाला राग कधी आला?" मी म्हटलं, मला राग येत नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरी आलो, बायकोला सांगितलं, तीही हसली.

---

जुना_पाळक_शिरपूर | बुधवार, सकाळी ६:०५

ओहायोच्या भाऊ, तुमचं वाचलं. दिव्याचं दोनदा वाचलं.

---

केळीचं_पान | बुधवार, सकाळी १०:१२

बायकांना प्रवेश असतो का? माझी नणंद बालवाडीत शिकवते, भगिनी मंडळात आजाऱ्यांना भेटायला तीच जाते. दीक्षित पाळक असणं सक्तीचं आहे का?

---

पांझराकाठची_सिस्टर | बुधवार, सकाळी १०:४०

असतो, ताई. आमच्याकडे नन यायच्या, नर्स यायच्या, साधे विश्वासणारेही. दीक्षा सगळीकडे लागत नाही. धर्मशास्त्राचं अजिबात शिक्षण नसेल तर आधी थोडा पाया करून घ्यावा. घर न सोडता करायचं तर बंगळुरूची टाफ्टी ही संस्था १९७१ पासून विस्तारशिक्षण देते, भारतीय भाषांतही. धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा बहिःस्थ अभ्यासक्रमही आहे. पण हे पुस्तकी शिक्षण. वॉर्डाला पर्याय नाही.

आणि एक धोक्याची घंटा. सीपीई केलं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते. आपल्याकडे एक जण सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि डिप्रेशनच्या गोळ्या बंद करायला सांगू लागला. गाव सांगत नाही. चॅपलेनचं निम्मं कौशल्य 'हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांना बोलावतो' हे वेळेवर म्हणण्यात आहे.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, दुपारी १२:३०

नवापूर स्टेशन पाहिलंय ना सगळ्यांनी? अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एकाच बाकड्यावर एक जण इकडचा, एक तिकडचा. चॅपलेन म्हणजे त्या बाकड्यावरचा माणूस दिसतो. डॉक्टर म्हणतात हा चर्चचा, चर्च म्हणतं हा हॉस्पिटलचा. पगार कोण देणार ते दोघंही सांगत नाहीत.

---

अमळनेर_ते_ओहायो | बुधवार, सायंकाळी ७:२०

भुसावळकरांनी हसत हसत मुद्द्याला हात घातला. सातपुडा भाऊ, अर्ज भरायच्या आधी दोन ठिकाणी लेखी विचारा. हॉस्पिटलला: मी हे करून आलो तर मला कोणत्या पदावर, किती पगारावर घ्याल? मंडळीला: मी तिकडे असताना माझी जागा आणि घर राहील का? अमेरिकेत हॉस्पिटलं नोकरीच्या जाहिरातीत सर्टिफिकेशन मागतात म्हणून त्या कागदाला किंमत. भारतात सरकार चॅपलेनला लायसन देत नाही. तिथे कागदाची किंमत तो वाचणाऱ्या संस्थेइतकीच. आधी वाचणारा शोधा.

---

सातपुडा_पायथा | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे पत्रं दिली. हॉस्पिटल म्हणतं, अर्धवेळ पद काढू. मंडळीच्या पंचांत दोन तट पडलेत. मंडळीतल्या एका वडिलांचं (ज्येष्ठ पंचाचं) म्हणणं, "तिकडून येऊन हा आपल्याला शिकवेल." प्रार्थनेत ठेवा.

एक शंका. व्हर्बेटिम इंग्रजीत लिहायचा म्हणे. माझे रुग्ण मावची बोलतात, पावरी बोलतात, धुळ्याकडचे अहिराणी. ते इंग्रजीत कसं आणायचं?

---

पांझराकाठची_सिस्टर | शुक्रवार, रात्री ११:०२

हा प्रश्न तिथे सगळ्यात आधी विचारा. आमच्याकडे साक्रीचा एक जण होता. योगायोगाने गावाकडचेच एक आजोबा वॉर्डात. बायको जाऊन तीन आठवडे झालेले. ते म्हणाले, "माले करमत नही आते." ह्याने लिहिलं, 'आय ॲम बोअर्ड'. गटातले म्हणाले, मग त्यांना मासिक द्या, टीव्ही दाखवा. मी चहा घेऊन आत गेले होते, ते ऐकलं आणि राहवलं नाही. म्हटलं, अहो, ते बोअर नाही झाले. त्यांना जगणं नकोसं झालंय. सुपरवायझर तमिळ होते, ते पंधरा मिनिटं त्या एकाच शब्दावर थांबले. नंतर त्यांनी नियम केला: आधी आपल्या भाषेत लिहा, खाली अर्थ.

---

तर्कट_जळगावकर | शनिवार, सकाळी ८:२०

'करमत नाही' ला इंग्रजीत शब्द नाही हे खरं. यासाठी वेगळा धागा काढा कोणीतरी.

(आणि हो, माझा आधीचा सूर थोडा चढा होता. मुद्दा कायम आहे, पण दिव्यासाठी विचारणारा कोणी आला असता तर आई खूश झाली असती.)

---

सातपुडा_पायथा | सात महिन्यांनी, रविवार, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. बंगळुरूला जाऊन पहिलं युनिट करून आलो. पंचांनी शेवटी पाचास चार मतांनी सोडलं. जळगावहून कर्नाटक एक्सप्रेसला आईने भाकरी-ठेचा बांधून दिला तो सोलापूरपर्यंत पुरला.

पहिल्या आठवड्यात मी त्या आईचाच व्हर्बेटिम लिहिला, आठवणीतून. फक्त चार ओळी झाल्या. त्यातल्या तीन माझ्या. सुपरवायझरबाईंनी काही टीका केली नाही, एवढंच विचारलं, "ती बोलली त्यानंतर तुम्ही काय केलं?" मी म्हटलं, निघून आलो. "मग ते लिहा. च४, निघून आलो." मी ते लिहिलं. हात थरथरत होता हे कबूल करतो.

एका आजीचं सांगतो. बेळगावकडच्या, मराठी कळणारं मीच एकटा म्हणून मला पाठवलं. मी तोंड उघडणार इतक्यात त्यांनी खाटेवर हात आपटला, बस म्हणून. चाळीस मिनिटं बसलो. एक शब्द नाही. व्हर्बेटिमच्या कागदावर 'शांतता' लिहून काय दाखवायचं याची लाज वाटत होती. त्या दिवशी गटात कोणी चिरफाड केली नाही.

परत आल्यावर सिकलसेलच्या ओपीडीत ती आई दिसली. पोरगा सोबत, हायड्रॉक्सीयुरियाचं औषध चालू आहे, बरा आहे. मी जवळ जाऊन विचारलं, "बसू का?" तिने बाकड्यावरची पिशवी उचलली. मी म्हटलं, मोठ्याचं नाव मला माहीत नाही, सांगाल का? तिने सांगितलं. मग त्याला काय आवडायचं तेही सांगितलं, महूची फुलं वेचायला सगळ्यांत आधी उठायचा. नंबर येईपर्यंत सांगत होती. प्रार्थना केली नाही, तिने मागितली नाही. पोरगा मध्येच म्हणाला, "तुमची गाडी कोणती, स्प्लेंडर का?"

दुसऱ्या युनिटला कधी जाणार ठरलं नाही. अर्धवेळ पद मिळालं.

---

जुना_पाळक_शिरपूर | रविवार, रात्री १०:३०

बेटा, पुढच्या महिन्यात शिरपूरला ये. आमच्या वडीलवर्गासमोर तो व्हर्बेटिम का काय म्हणतात तो कसा लिहायचा ते दाखव. मीही एक लिहून पाहिला. ४१ वर्षांत मी रुग्णाला एकही प्रश्न विचारलेला दिसत नाही.

---

केळीचं_पान | रविवार, रात्री १०:४४

नणंद विचारतेय, फी किती झाली आणि राहायची सोय होते का?

---

सातपुडा_पायथा | रविवार, रात्री १०:५०

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ब्लँकेट घेऊन जायला सांगा, तिकडे पहाटे थंडी असते.